बुडवावयास हवे होते ते जहाज
तांबड्या समुद्राच्या तळाशी, सुमारे ३० मीटर खोल, ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज पहुडले आहे. १९४१ साली जर्मन विमानांनी ते बुडविले. आज हौशी पाणबुडे त्याच्या पोटातील मोटारसायकली पाहून येतात. मुंबईस आलेल्या ‘फोर्ट स्टायकिन’ला असे भाग्य कोठले! १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत त्यातील कापूस पेटला. त्याच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके. ते बुडवावे की बाहेर न्यावे, याचा खल चालला. हुकूम कोणीच सोडला नाही. चारच्या सुमारास ते फुटले. अंधेरी-बोरिवलीच काय, ८० किलोमीटरपर्यंत आवाज गेला. पाणबुड्याने शोधावे असे जहाजच उरले नाही. लोक सांगतात त्या उडालेल्या सोन्याच्या विटांच्या गोष्टी. आग विझविताना ६६ अग्निशामक गेले, ते क्वचितच कोणी सांगतो.