नीलेतील लेसर : एका उपचाराची कुळकथा

पायांवरील फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरांवर, म्हणजे ज्यांना आता सर्रास व्हेरिकोज व्हेन्स म्हटले जाते त्यांच्यावर, केल्या जाणाऱ्या आधुनिक उपचाराला लेसरचे नाव मिळाले असले, तरी त्याचे मूळ केवळ लेसरच्या शोधात नाही. हृदयाकडे चढणारे रक्त उलटे का वाहते, ते नेमके कोठून उलटते आणि त्या जागेपर्यंत त्वचा न चिरता कसे पोहोचावे, या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या शतकांत मिळत गेली आणि ती विसाव्या शतकाच्या अखेरीस एकत्र आली, तेव्हाच हा उपचार जन्माला आला.

व्याधी मात्र फार जुनी आहे. इ. स. पू. १५५० च्या सुमाराच्या एबर्स पपायरस या इजिप्शियन वैद्यकग्रंथात अशा गाठाळ शिरांवर शस्त्र न चालवण्याची सूचना आढळते, तर सुश्रुतसंहितेत शिरांपासून उद्भवणाऱ्या ग्रंथीचे वर्णन ‘सिराज ग्रंथी’ या नावाने येते. रोममध्ये पहिल्या शतकात केल्ससने शिरा डागण्याची आणि कापून काढण्याची रीत नोंदवली. तिच्या वेदना किती दुःसह असत, हे प्लुटार्कने सांगितलेल्या सेनापती मारियसच्या हकिकतीवरून समजते: स्वतःला बांधून न घेता त्याने एका पायावरील शस्त्रक्रिया निमूट सोसली, पण दुसरा पाय पुढे करण्यास नकार दिला.

या साऱ्या उपचारांत शिरेचा फुगवटा हाच रोग मानला गेला होता. पादुआ येथील फाब्रिसियस याने १६०३ मध्ये नीलांमधील, म्हणजे अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणाऱ्या वाहिन्यांमधील, झडपांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्याचाच शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडताना या झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात हे दाखवून दिले. त्यातून रोगाची उपपत्ती लावण्यास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९० च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, घोट्यापासून जांघेपर्यंत त्वचेखालून जाणाऱ्या लांब नीलेच्या झडपा निकामी झाल्या, की उभ्या माणसाच्या पायात रक्ताचा स्तंभ खाली कोसळतो आणि त्याच्या दाबाने उपशाखा फुगतात. म्हणून दिसणाऱ्या गाठींऐवजी त्यांनी मांडीतील ती मुख्य नीलाच बांधली. पुढच्या प्रत्येक उपचाराचा पाया या एका विचारात आहे.

नुसती बांधलेली नीला पुष्कळदा इतर वाटांनी पुन्हा भरत असे, म्हणून ती समूळ काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९०५ ते १९०७ या काळात अमेरिकेत केलर, मेयो आणि बॅबकॉक यांनी त्यासाठी निरनिराळी साधने बनवली. त्यांपैकी बॅबकॉक यांची, नीलेच्या पोकळीत सळई घालून ती आतून ओढून काढण्याची ‘स्ट्रिपिंग’ पद्धत विसाव्या शतकभर रूढ राहिली. ती परिणामकारक होती, परंतु तिच्यात जांघेत छेद घ्यावा लागे, मांडीत रक्त साकळे आणि शेजारच्या संवेदनावाहक मज्जातंतूला इजा पोहोचण्याचा धोका राही.

या उपचाराच्या इतिहासात निर्णायक स्थान लेसरपेक्षा ध्वनीला द्यावे लागेल. १९८० च्या दशकात डुप्लेक्स डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे नीलेचा आकार आणि तिच्यातील रक्ताची दिशा एकाच वेळी दाखवणारी तपासणी, रुग्णालयांत पोहोचली आणि शल्यविशारदाला त्वचेआड चाललेला उलटा प्रवाह डोळ्यांनी पाहता आला. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्येच सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती दिली होती. आता तीच सोनोग्राफीच्या देखरेखीखाली नीलेत वापरता येऊ लागली. तिसरी देणगी अगदीच अनपेक्षित दिशेने आली. चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये अतिशय विरळ केलेले भुलीचे औषध मोठ्या प्रमाणात ऊतींत भरण्याची ‘ट्युमेसंट’ पद्धत मांडली होती. नीलेभोवती असा द्रव भरला, की भूल मिळते, आजूबाजूची त्वचा व मज्जातंतू उष्णतेपासून वाचतात आणि नीला दाबली जाऊन तिची भिंत लेसरच्या तंतूजवळ येते. या साध्या द्रवाचे महत्त्व सहसा सांगितले जात नाही. वास्तविक त्याच्यावाचून नीलेत सुरक्षितपणे उष्णता देणे कठीणच झाले असते.

लेसर स्वतः १९६० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मेमन यांच्या माणिक-स्फटिकापासून निघाला, आणि दोन वर्षांनी अर्धवाहक डायोडचा लेसर आल्यावर हे यंत्र लहान व स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला. स्पेनमधील कार्लोस बोने यांनी १९९९ मध्ये डायोड लेसरचा तंतू नीलेच्या आत नेऊन केलेल्या उपचाराचा प्राथमिक वृत्तान्त प्रसिद्ध केला. २००१ मध्ये न्यूयॉर्कचे लुइस नवारो व रॉबर्ट मिन यांच्यासह त्यांनी ८१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरचे अनुभव मांडले आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या पद्धतीला मान्यता दिली. रेडिओलहरींच्या उष्णतेने नीला बंद करणारे यंत्र त्याच्या थोडे आधी आले होते. तत्त्व दोन्हींचे एकच आहे. गुडघ्याजवळ सुईने शिरून तंतूचे टोक, जांघेत ही नीला खोल नीलेला मिळते त्या संगमाच्या सुमारे दोन सेंटिमीटर अलीकडे ठेवले जाते आणि तंतू हळूहळू मागे ओढताना उष्णतेने नीलेचे आतील अस्तर नष्ट होते, भिंत आकसते आणि काही महिन्यांत ती नीला तंतुमय होऊन शरीरात जिरते. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो.

आरंभीच्या तरंगलांबींचे शोषण मुख्यतः रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये होत असे आणि उघड्या टोकाच्या तंतूमुळे भिंतीला भोके पडून काळेनिळे डाग व दुखणे उरत असे. पुढे पाण्यात अधिक शोषली जाणारी १४७० नॅनोमीटरची तरंगलांबी आणि चहूबाजूंना प्रकाश फेकणारे तंतू वापरात आल्यावर हा त्रास बराच घटला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये मुख्य नीलेतील उलट्या प्रवाहावर उष्णतेने नीला बंद करण्याला पहिले, फेसाच्या इंजेक्शनला दुसरे आणि शस्त्रक्रियेला तिसरे स्थान दिले. शतकभर रूढ असलेली रीत अशा प्रकारे शेवटच्या पायरीवर गेली.

या इतिहासाचा व्यावहारिक अर्थ रुग्णाने ध्यानात ठेवावा. लेसरचा विचार करण्यापूर्वी उभ्या स्थितीत डॉप्लर तपासणी झाली पाहिजे, कारण उलटा प्रवाह नसताना केलेला उपचार निरर्थक ठरतो, आणि पायाच्या खोल नीला गुठळीने बंद असतील, तर त्वचेखालची फुगलेली नीला हीच कदाचित रक्ताची उरलेली वाट असते. ती बंद करू नये.