नेवाळीच्या विमानतळाचे कागद

कल्याणाहून मलंगगडाकडे जातांना नेवाळी गांव लागतें. तेथील माळावर दुसऱ्या महायुद्धांतील विमानतळाची धावपट्टी आहे. मलंगगड आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं; 1780 सालीं कॅप्टन ॲबिंग्टनच्या इंग्रजी फौजेस मराठ्यांनीं येथेंच झुंजविलें. त्या मोहिमेचे कागद आपण आवडीनें धुंडाळतों; पायथ्याच्या माळाचे धुंडाळावे असें थोड्यांसच वाटलें.

महायुद्ध चालू असतां इंग्रज सरकारनें आसपासच्या गांवांची 1,600 एकरांच्या घरांतील जमीन विमानतळासाठीं घेतली. युद्ध 1945 सालीं संपलें, पण जमीन संरक्षण खात्याकडेच राहिली. शेतकरी तेथें कसत राहिले. पुढें नौदलानें कुंपणाची भिंत घालण्यास आरंभ केला, तेव्हां 22 जून 2017 रोजीं आंदोलन चिघळलें. गाड्या जळाल्या, पोलिसांनीं छऱ्यांच्या बंदुका चालविल्या, दोन्हीं बाजूंचे लोक जखमी झाले.

जमीन कायमची घेतली कीं युद्धापुरती, हा वादाचा मुद्दा. आणि तो धावपट्टी पाहून सुटणारा नाहीं. ताबा घेतांनाची नोटीस, मोबदल्याची पावती, फेरफाराची नोंद, हेंच येथील खरें साधन. मोडी दप्तरांहून हे कागद नवे, म्हणून कमी मोलाचे, हें मत आम्हांस मान्य नाहीं. कल्याण-अंबरनाथकडील संग्राहकांनीं ते घरोघर जाऊन नकलून घ्यावे. अस्सल मात्र ज्याचें त्याच्याच घरीं राहूं द्यावें.