कुत्र्यांमधील नाक चोंदणे

कुत्र्यांमधील नाक चोंदणे म्हणजे नाकातील श्लेष्मल त्वचेला सूज येऊन, स्राव साचून किंवा एखादी वस्तू अडकून श्वासमार्ग अरुंद होणे. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. माणसाला होणारी नेहमीची सर्दी कुत्र्याला सहसा लागत नाही; त्यामुळे ‘सर्दी झाली असेल’ असे समजून थांबण्यात मूळ कारण दडून राहण्याचा धोका असतो. कुत्रा अन्नाची पारख मुख्यतः वासावरून करतो. नाक बंद झाल्यावर त्याची भूक मंदावते आणि बऱ्याचदा पाळणाऱ्याच्या लक्षात प्रथम हेच येते.

== कारणे ==
स्राव एका नाकपुडीतून येतो की दोन्हींतून, हा निदानातील पहिला प्रश्न होय. नाकासमोर थंड आरसा धरल्यास वाफ कोणत्या बाजूने उमटत नाही, यावरून बंद बाजूचा अंदाज येतो.

दोन्ही बाजूंच्या स्रावामागे बहुधा संसर्ग, अधिहर्षता किंवा धूर व धूळ यांचा त्रास असतो. लस न दिलेल्या पिल्लाच्या नाका-डोळ्यांतून घट्ट, पिवळसर स्राव येऊन सोबत ताप, खोकला व जुलाब असल्यास डिस्टेंपरची शंका घ्यावी लागते. या रोगाचा विषाणू आंरी कारे यांनी १९०५ मध्ये दाखवून दिला. त्यावर विशिष्ट औषध नाही, लस मात्र प्रभावी आहे.

एकाच बाजूच्या स्रावामागे अडकलेली वस्तू, वरच्या दाताच्या मुळाशी झालेला पू, बुरशी किंवा उतारवयात गाठ असू शकते. पावसाळ्यानंतर गवत वाळू लागले की माळरानात हुंगत फिरणाऱ्या कुत्र्याच्या नाकात कुसळ शिरते. अचानक लागोपाठ शिंका येतात, कुत्रा पंजाने नाक घासतो, कधी रक्तही येते. काही दिवसांनी शिंका कमी होतात. हे बरे होण्याचे चिन्ह मानणे चुकीचे ठरते, कारण कुसळ आतच राहून पू होऊ शकतो. ते भूल देऊन दुर्बिणीने काढावे लागते.

नाकातून रक्त येणे हे गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकिओसिसचेही लक्षण असू शकते; त्यासाठी रक्ततपासणी करतात. पग, बुलडॉग, शित्झू यांसारख्या आखूड तोंडाच्या जातींत नाकपुड्या जन्मतःच अरुंद असतात. त्यांची घरघर कौतुकाचा विषय होते, पण ती श्वासाची अडचणच असते आणि तीव्र असल्यास शस्त्रक्रियेने कमी करता येते.

== घरगुती काळजी ==
कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने नाक पुसणे, किंचित कोमट व वासाचे अन्न देणे, पट्ट्याऐवजी छातीबंद वापरणे आणि उदबत्ती, धूप व डासांच्या अगरबत्तीचा धूर टाळणे उपयुक्त ठरते. गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या न्हाणीघरात कुत्र्याला दहा-पंधरा मिनिटे बसवल्यास स्राव सैल होतो. आखूड तोंडाच्या कुत्र्यांना मात्र अशा उष्ण, दमट हवेत ठेवू नये. संसर्गाची शंका असल्यास इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे.

माणसांची औषधे देणे घातक आहे. पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन यांमुळे विषबाधा होते. स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या आणि नाक मोकळे करणारे थेंब हृदयावर परिणाम करतात. कापूर, मेंथॉल वा निलगिरीचे मलम कुत्रा चाटून टाकतो, त्यामुळे तेही लावू नये.

== तातडीची लक्षणे ==
विश्रांतीतही तोंड उघडून धापा टाकणे, हिरड्या निळसर वा पांढऱ्या पडणे, रक्तस्राव न थांबणे, चेहरा एका बाजूने सुजणे किंवा पिल्लाने खाणे सोडणे यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित पशुवैद्यकाकडे न्यावे.