टिळकांची प्रार्थना आणि मराठी भाषा : एका नागपुरी प्रवासाचा मागोवा

इ. स. १८९३ मध्ये नागपुराहून राजनांदगावाकडे जाणाऱ्या आगगाडीत एक मराठी ब्राह्मण कवी व एक ख्रिस्ती गृहस्थ यांची गाठ पडली. गृहस्थाने कवीच्या हाती बायबलची प्रत दिली, आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. कवीला ते हास्यास्पद वाटले. तथापि ग्रंथ वाचण्याचे वचन त्याने दिले व ते पाळले. हे कवी म्हणजे नारायण वामन टिळक. दि. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा प्रसंग चरित्रकारांनी अनेकदा सांगितला आहे. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो निराळ्या प्रश्नाचा : या मनुष्याला पुढील चोवीस वर्षे ज्या प्रार्थनेने बळ व जीवितहेतू दिला, ती प्रार्थना कोणत्या मराठीत होती?

नागपुरात ख्रिस्ती उपासना त्या काळी नवखी नव्हती. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये येथे आले. १८६३ मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाला, आणि १८८३ मध्ये त्यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले. टिळक मात्र नागपुरात आले ते या वर्तुळात नव्हे. धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करण्यासाठी ते येथे राहिले, आणि १८९१ च्या सुमारास हिंदुधर्माच्या विवेचनाला वाहिलेले 'ऋषि' नावाचे मासिक त्यांनी काही काळ चालविले. म्हणजे गाडीत बसलेला मनुष्य धर्माविषयी उदासीन नव्हता. तो वेदविद्येत वावरणारा व संतवाणीवर पोसलेला जिज्ञासू होता. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढील इतिहास उलगडतो.

एकोणिसाव्या शतकातील मिशनची मराठी ही मुख्यतः भाषांतराची मराठी होती. तिने भाषेला अनेक शब्द दिले, हे निर्विवाद आहे. परंतु प्रार्थनेच्या प्रांतात तिची अडचण होती. 'तारण' या एकाच शब्दाचा विचार करावा. 'तारणे' हे क्रियापद संतांच्या भाषेत भवसागरातून पार नेण्याचे आहे. पण 'तारण' हे नाम बाजारात उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात कर्जासाठी ठेवलेली वस्तू उभी राहते. ख्रिस्ती मराठीने तोच शब्द मुक्तीसाठी योजिला. मंडळीच्या आत तो रुळला, मंडळीच्या बाहेर अडखळला. खुद्द 'प्रार्थना' हा शब्दही संस्कृतातून आलेला, औपचारिक. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने त्याला सामुदायिक उपासनेचा अर्थ दृढ करून दिला. घरातल्या माणसाचे शब्द वेगळे होते. तो देवाचा धावा करतो, देवाला आळवतो, विनवतो, करुणा भाकतो, प्रसंगी साकडे घालतो. या प्रत्येक शब्दात देव व भक्त यांच्यातील अंतर निरनिराळे आहे, आणि कोणताही शब्द कोरडा नाही.

टिळकांनी केलेले कार्य येथे दिसते. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. हा केवळ कृतज्ञतेचा अलंकार नव्हता. त्यांच्या भाषेतही तो पूल जागोजाग आढळतो. त्यांनी अभंग व पदे यांच्या छंदांत शंभराहून अधिक उपासनागीते रचिली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या संग्रहात त्यांतील पुष्कळ समाविष्ट आहेत. त्यांत ख्रिस्त हा गुरू आहे, माउली आहे, आणि त्याला संबोधन 'तू' असे आहे. व्यवहारात मराठी माणूस वडीलधाऱ्यांना, साहेबाला, अनोळख्यालाही 'तुम्ही' वा 'आपण' म्हणतो. 'तू' उरते ते आईला, मित्राला आणि देवाला. सर्वांत श्रेष्ठ त्यालाच सर्वांत जवळचे सर्वनाम लावण्याची ही भक्तिपरंपरेची रीत ख्रिस्ती प्रार्थनेत संतांच्या सुरासह आणणे हे टिळकांचे मोठे काम होय. गोव्यात फादर टॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'त ओवी योजून याच वाटेने पाऊल टाकले होते. पण ते परदेशीयाने केलेले थोर साहस होते. टिळक त्याच घरात जन्मले होते.

परंतु अशा प्रार्थनेने बळ मिळाले असे कशावरून म्हणावे? अंतःकरणातील अनुभव इतिहासाच्या साधनांना मोजता येत नाही. त्याची आचरणातील खूण तेवढी तपासता येते. धर्मांतराची किंमत टिळकांपेक्षाही त्यांच्या पत्नीने अधिक मोजली. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. तो वियोग, तो लोकापवाद आणि ते वैफल्य त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये (१९३४-३७) कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले आहे. या ग्रंथात टिळक संत म्हणून उभे केलेले नाहीत. त्यांचा तापटपणा, लहरीपणा, पैशाबाबतची बेफिकिरी हे सर्व तेथे हसत-रडत नोंदलेले आहे. म्हणूनच त्यांच्या श्रद्धेविषयी याच लेखणीने दिलेली साक्ष अभ्यासकाला अधिक विश्वसनीय वाटते. पुढे जातिभेद मनुष्यकृत आहे असे लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचाराने पटले, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांनी पतीचे केवळ अनुकरण केले नाही. त्या आपल्या वेळी, आपल्या पायांनी चालत आल्या.

टिळकांच्या बाबतीत ही खूण १९१७ मध्ये सर्वांत स्पष्ट होते. मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाने नियमित उत्पन्न सोडावे ही गोष्ट सोपी नव्हे. या निर्णयाला कारणे अनेक असतील. परदेशी संस्थेच्या आश्रयाविषयीची खंतही त्यांत होती. परंतु ज्याची प्रार्थना संतांच्या भाषेत चालली होती, त्याला संतांप्रमाणेच निरिच्छपणे राहावेसे वाटावे, हे सुसंगतच होय. माणूस ज्या शब्दांनी रोज देवाला हाक मारतो, ते शब्द हळूहळू त्याच्याकडून आचरण मागू लागतात. दि. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचे ओवीबद्ध काव्य अपुरेच होते.

ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्यांना शाळेचे शिक्षण असे लाभलेच नव्हते, त्या बाईंनी साठांहून अधिक अध्याय रचिले. विद्येच्या बळाने हे घडले असे म्हणता येत नाही. जात्यावर व देवघरात ऐकलेली ओवी त्यांच्या कानांत आधीपासूनच होती. श्रद्धेने तिला नवा विषय दिला. १९३३ मध्ये ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, ते याच नागपुरात. चाळीस वर्षांपूर्वी याच शहरातून निघालेल्या गाडीने त्यांचा संसार उधळून टाकला होता.

मराठी ख्रिस्ती प्रार्थनेच्या इतिहासात टिळक दांपत्याचे स्थान केवळ काव्यगुणांमुळे ठरत नाही. परक्या शब्दांत केलेली प्रार्थना मनुष्य पाठ करू शकतो. संकटात मात्र त्याच्या तोंडी आईची भाषाच येते. ज्या धर्माची प्रार्थना त्या भाषेत उतरते, तोच धर्म अशा वेळी त्याच्या उपयोगी पडतो. टिळकांनी ख्रिस्ती मंडळीला दिले ते हे, आणि मराठी भाषेच्या अभ्यासकांनी त्याची नोंद धर्मभेदाच्या पलीकडे जाऊन घेणे अगत्याचे आहे.