तीन मुलांचे मौन

शाळेच्या शिस्तीचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर त्यात छडीचे एक प्रकरण येईल, अंगठे धरून उभे राहण्याचे एक येईल, पण सर्वांत लांबलचक प्रकरण मुलांच्या तोंडाचे होईल. वर्गात बोलू नये. विचारल्यावाचून उत्तर देऊ नये. विचारल्यावर मात्र गप्प बसू नये. प्रार्थना सर्वांनी एका सुरात म्हणावी. मुलाने तोंड केव्हा उघडावे आणि केव्हा मिटावे, हे ठरविण्यात आम्हां मास्तर मंडळींचे निम्मे आयुष्य जाते. उरलेले निम्मे वह्या तपासण्यात. त्या लांबलचक प्रकरणातले एकच पान आज उघडतो. ते पान केरळातले आहे आणि त्यावर तारीख आहे २६ जुलै १९८५.

पण त्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण हीच गोष्ट आपल्या देशात प्रथम उलट्या बाजूने घडली होती. वंगभंगाच्या चळवळीत, १९०५ साली, बंगाल सरकारचे प्रभारी मुख्य सचिव कार्लाइल यांनी एक परिपत्रक काढले. विद्यार्थ्यांनी राजकारणात भाग घेतला, तर त्या शाळांचे अनुदान आणि शिष्यवृत्त्या धोक्यात येतील, असा त्याचा मतलब. रंगपूरच्या सरकारी शाळेतली मुले स्वदेशीच्या सभेला गेली, 'वंदे मातरम्' म्हणाली. प्रत्येकाला पाच रुपये दंड झाला. त्या काळचे पाच रुपये म्हणजे गरिबाच्या घरची महिन्याची चूल! मुलांनी आणि पालकांनी दंड भरायचे साफ नाकारले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात रंगपुरात राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढे १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात तेच घडले. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली मुले आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातली मुले 'वंदे मातरम्' म्हणू लागली, म्हणून त्यांना बाहेरचा रस्ता दाखविण्यात आला. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्या वाचकांनी ही हकीकत घरात ऐकली असेल. कुणाच्या आजोबांची तर ती स्वतःचीच असेल.

गाणे म्हटले म्हणून शिक्षा, ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ती ऐकताना आपली सहानुभूती कुणीकडे जावी याचा विचार करावा लागत नाही. गाणे म्हटले नाही म्हणून शिक्षा झाली, तर? आणि ते गाणे परक्या राजाचे नसून आपले स्वतःचे राष्ट्रगीत असले, तर? इथे मात्र मन घुटमळते. माझेही घुटमळले, आणि म्हणूनच हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचले.

कोट्टायम जिल्ह्यातील किडंगूर हे गाव. तिथे नायर सर्व्हिस सोसायटीचे हायस्कूल आहे. त्या शाळेत बिजो, बिनू मोल आणि बिंदू ही इमॅन्युएल कुटुंबातली तीन भावंडे शिकत होती. एक दहावीत, एक नववीत आणि धाकटे पाचवीत. हे कुटुंब ख्रिस्ती धर्मातल्या 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाचे. या पंथाची माणसे कोणत्याच देशाचे राष्ट्रगीत म्हणत नाहीत. स्तुतीचे आणि प्रार्थनेचे शब्द एका ईश्वराखेरीज कुणासाठी उच्चारायचे नाहीत, अशी त्यांची श्रद्धा. इंग्लंडात ते इंग्लंडचे म्हणणार नाहीत, अमेरिकेत अमेरिकेचे नाही. किडंगूरची ही मुले रोज सकाळी इतरांबरोबर रांगेत उभी राहत. 'जनगणमन' सुरू झाले की ताठ, अदबीने उभी असत. फक्त ओठ हलत नसत.

त्यांच्याआधी त्यांच्या मोठ्या बहिणी त्याच शाळेत शिकून गेल्या होत्या आणि त्याही अशाच उभ्या राहत असत. कुणाला काही वाटले नव्हते. शेकडो मुले एकदम गात असताना कोण गातो आणि कोण नुसते ओठ हलवतो, हे कळत नाही, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. (ओठ हलवणाऱ्यांची संख्या आपण समजतो त्याहून फार मोठी असते, आणि त्यांत काही शिक्षकही असतात.) इमॅन्युएलांची मुले ओठ हलवण्याची लबाडी करीत नव्हती, एवढाच त्यांचा वेगळेपणा.

जुलै १९८५ मध्ये विधानसभेच्या एका सदस्याच्या हे लक्षात आले. ही देशभक्तीला न शोभणारी गोष्ट आहे असे वाटून त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला. मग चौकशीसाठी एक समिती नेमली गेली. समितीने अहवाल दिला की मुले कायदा पाळणारी आहेत आणि त्यांच्याकडून राष्ट्रगीताचा अनादर झालेला नाही. इथे प्रकरण मिटायला हवे होते, परंतु शिक्षण खात्याच्या उपनिरीक्षकांनी सूचना दिली आणि मुख्याध्यापिकेने तिन्ही मुलांना शाळेतून काढून टाकले. सरकारचा निर्णय येईपर्यंत तरी मुलांना वर्गात बसू द्या, अशी विनंती मुलांच्या वडिलांनी केली. आपण काही करू शकत नाही, असे मुख्याध्यापिकेने सांगितले.

सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते या वाक्याने. वरून हुकूम आला की हेडमास्तराच्या तोंडून हेच वाक्य बाहेर पडते. केरळात पडते आणि महाराष्ट्रातही पडते. त्या बाईंना दोष देणे सोपे आहे. पण त्या शाळेत आपला आवाज सर्वांत आधी कुणी गमावला असेल, तर तो त्यांनी. मुलांनी नव्हे.

आता नियमांचे पुस्तक पाहू. केरळच्या शिक्षण नियमावलीत विद्यार्थ्याला शिक्षा केव्हा करावी हे लिहिले होते: जाणूनबुजून केलेला आज्ञाभंग, खोडसाळपणा, लबाडी, परीक्षेतला गैरप्रकार, इतर मुलांवर वाईट परिणाम होईल असे वर्तन. शिक्षा तीन: ठपका, काही काळ शाळेबाहेर ठेवणे, कायमचे काढून टाकणे. या तिघांनी यांतले काहीही केल्याचे कुणी म्हणतसुद्धा नव्हते. वर्तन चांगले, अभ्यास चालू. शाळेकडे होती ती खात्याची दोन परिपत्रके, एक १९६१ चे आणि एक १९७० चे; सकाळी सर्व शाळेने एकत्र जमून राष्ट्रगीत म्हणावे, असे सांगणारी. सर्व शाळेने म्हणावे याचा अर्थ प्रत्येकाने म्हटलेच पाहिजे असा होतो का, आणि होत असेल तर परिपत्रकाला तेवढा अधिकार आहे का, हा प्रश्न उभा राहिला.

केरळच्या उच्च न्यायालयात मुले हरली. आधी एका न्यायमूर्तींपुढे, मग खंडपीठापुढे. खंडपीठाने राष्ट्रगीतातला शब्द न् शब्द तपासला आणि त्यात कुणाच्या धर्मभावना दुखावतील असे काहीच नाही, असा निर्वाळा दिला. तसे पाहिले तर हे अगदी खरे. रवींद्रनाथांच्या त्या शब्दांत कुणाला खुपावे असे काय आहे? पण मुलांचे म्हणणे शब्द वाईट आहेत असे नव्हतेच.

अमेरिकेने हा घोळ आपल्याआधी घालून ठेवला होता. पेनसिल्व्हेनियातील मायनर्सव्हिल या गावी लिलियन आणि विल्यम गोबायटिस या बारा आणि दहा वर्षांच्या बहीणभावांनी १९३५ मध्ये ध्वजाला सलामी दिली नाही. ती मुलेही याच पंथाची. त्यांना शाळेतून काढले आणि १९४० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. निकालानंतर या पंथाच्या लोकांवर देशभर हल्ले झाले. तीनच वर्षांनी, महायुद्ध ऐन भरात असताना, वेस्ट व्हर्जिनियातील बार्नेट बहिणींचा तसाच खटला आला आणि त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपला आधीचा निकाल फिरवला. तारीख होती १४ जून १९४३, अमेरिकेचा ध्वजदिन. दोन्ही खटल्यांत कुटुंबांची आडनावे न्यायालयीन कागदपत्रांत चुकीच्या स्पेलिंगने लिहिली गेली आणि तशीच कायद्याच्या पुस्तकांत अजरामर झाली. शाळेविषयीच्या खटल्यात निदान शुद्धलेखन तरी नीट असायला हरकत नव्हती!

किडंगूरची मुले दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती दत्त यांच्यापुढे प्रकरण चालले आणि ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल लागला. अमेरिकेतल्या या खटल्यांचा ऊहापोह त्या निकालपत्रात आहे. निकालाचा गाभा सांगायचा तर असा: राष्ट्रगीत म्हटलेच पाहिजे असे सांगणारा कोणताही कायदा देशात नाही. १९७१ च्या कायद्याने गुन्हा ठरतो तो राष्ट्रगीत म्हणणाऱ्यांना मुद्दाम अडवण्याचा किंवा तेव्हा गोंधळ घालण्याचा. मुलांनी तसले काही केले नव्हते. राष्ट्रगीत चालू असताना अदबीने उभे राहणे हा आदरच आहे. खात्याचे परिपत्रक हा कायदा नव्हे, आणि घटनेने दिलेले भाषणाचे व धर्माचे स्वातंत्र्य नुसत्या परिपत्रकाने आखडता येत नाही. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचेही स्वातंत्र्य आले.

आणि श्रद्धेचे काय? ती आपल्या बुद्धीला पटते की नाही, हे पाहण्याचे न्यायालयाचे काम नाही; ती मनापासून धरलेली आहे की नाही, एवढेच पाहायचे, असे न्यायमूर्ती म्हणाले. या ठिकाणी त्यांनी ज्या जुन्या निकालांचा आधार घेतला, त्यांत मराठी वाचकाला थबकायला लावणारे एक नाव आहे. मुंबई उच्च न्यायालयात पारशी समाजाच्या मुक्ताद विधींसाठी ठेवलेल्या पैशाचा एक जुना खटला चालला होता. एखाद्या समाजाची अमुक एक श्रद्धा असेल, तर न्यायाधीशाने ती मान्य करावी, तिच्यावर निवाडा करायला बसू नये, असे त्या खटल्यात सांगणारे न्यायाधीश होते दिनशा दावर. हेच ते दावर, ज्यांनी जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली! ज्या टिळकांनी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलच्या उभारणीत हात घातला, त्यांना बोलल्याबद्दल सजा देणाऱ्या न्यायाधीशाचे एक वाक्य, पाऊणशे वर्षांनी, न बोलणाऱ्या तीन शाळकरी मुलांच्या मदतीला आले. कादंबरीत मी असा योग जुळवला असता, तर संपादकांनी तो पान परत पाठवून काढायला लावला असता.

हा निकाल सर्वांना रुचला असे नाही. आजही शिक्षकांच्या खोलीत हा विषय काढून पाहा, चहा थंड होतो. 'आज गाणे नाही म्हणणार, उद्या गृहपाठ नाही करणार', हा आक्षेप ठरलेला. त्याला माझे उत्तर साधे आहे: गृहपाठ न करणारा मुलगा कधी ताठ आणि अदबीने उभा राहत नाही. पंचवीसएक वर्षे आम्ही मुले पाहत आलो; चुकवणारे मूल आणि नाकारणारे मूल यांतला फरक आम्हांला चेहऱ्यावरून कळत नसेल, तर आम्ही पाहिले काय?

पुढे २०१६ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच चित्रपटगृहांत खेळाआधी राष्ट्रगीत वाजवण्याची सक्ती केली, आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ती सक्ती काढूनही टाकली. थोरामोठ्यांचेही असे मागेपुढे होत असते.

किडंगूरच्या मुलांना शाळेत परत घ्यावे, त्यांच्या शिक्षणात अडथळा आणू नये आणि त्यांना लागतील त्या सोयी द्याव्यात, असा आदेश ऑगस्ट १९८६ मध्ये निघाला. शाळेतून काढल्याला तेव्हा एक वर्ष आणि सोळा दिवस झाले होते. दहावीच्या वर्गातली बिजोच्या बरोबरीची मुले उन्हाळ्याआधीच परीक्षेला बसून गेली होती, आणि नव्या वर्षाच्या हजेरीपटाची दोन पाने भरून झाली होती.