मलनियंत्रणाच्या दोन कल्पना

मलविसर्जनावर ताबा नसणे हा विकार सहसा प्राणघातक नसतो. परंतु तो जडलेल्या बालकास शाळेचा बाक व सवंगड्यांचा सहवास दोन्ही दुरावतात. गुदद्वाराची जन्मजात विकृती व ‘स्पायना बिफिडा’ हा मेरुदंडाचा जन्मजात दोष ही त्याच्या शारीरिक कारणांपैकी प्रमुख होत. अशा बालकांसाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे प्रयोग झाले, त्यांत शस्त्रकौशल्याच्या प्रगतीपेक्षाही प्रश्नाच्या मांडणीत झालेला पालट अधिक महत्त्वाचा आहे.

अमेरिकेतील केनेथ पिक्रेल व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये चार बालकांवरील शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मांडीच्या आतील बाजूचा ग्रॅसिलिस स्नायू गुडघ्याकडील टोकापासून सोडवावयाचा आणि त्याचे मज्जातंतू व प्रमुख रक्तवाहिन्या शाबूत ठेवून तो गुदद्वाराभोवती गुंडाळावयाचा, अशी ही योजना होती. परिसंकोची स्नायू निकामी असेल तर दुसरा निर्माण करावा, हा त्यामागील विचार. अडचण होती ती स्नायूच्या गुणधर्मातच. नैसर्गिक परिसंकोची स्नायू विश्रांतीतही आकुंचित राहतो. मांडीचा स्नायू मात्र लवकर थकतो. शिवाय हरपलेली संवेदना त्यामुळे परत येत नाही.

१९७४ मध्ये एंगेल, निकूमनेश व शुस्टर यांनी शस्त्राऐवजी शिक्षणाचा मार्ग अवलंबिला. गुदाशयात फुगा फुगवून, रुग्णास त्याच्याच स्नायूंच्या दाबाचा आलेख दाखवून आकुंचनाचा सराव देण्यात आला. ही पद्धत पुढे बालकांसाठीही वापरली गेली. साधन बदलले, मल अडविणे हे उद्दिष्ट मात्र कायम राहिले.

ते बदलले १९९० मध्ये. फ्रान्समधील पॉल मित्रोफानॉफ यांनी १९८० मध्ये आंत्रपुच्छाचा उपयोग मूत्राशय रिकामे करण्याच्या मार्गासाठी केल्याचे प्रसिद्ध केले होते. मलोन, रॅन्सली व कायली या इंग्लंडमधील शस्त्रवैद्यांनी तेच तत्त्व मोठ्या आतड्यास लावले. आंत्रपुच्छाचे एक तोंड पोटाच्या त्वचेवर उघडून त्यातून नळीने द्रव सोडावयाचा व आतडे वरून खाली धुऊन काढावयाचे. आतडे ठरल्या वेळी रिकामे झाले, की पुढील धावनापर्यंत गळण्यास फारसे काही उरत नाही. परिसंकोची स्नायू होता तसाच दुर्बळ राहतो. तरी बालक शाळेत निश्चिंत बसू शकते.

या लेखास त्यांनी ‘प्राथमिक अहवाल’ म्हटले, ते योग्यच होते. त्वचेवरील छिद्र आकसणे ही अडचण पुढे वारंवार आढळली, आणि धावनास वेळही बराच लागतो. तथापि यशाची कसोटी स्नायूच्या बळावरून बालकाच्या दिनक्रमाकडे सरकली, हे या प्रयोगाचे खरे फलित होय.