एका शिकाऊ सुताराचा करारनामा

संत जॉन बॉस्को यांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे शाळा आणि क्रीडांगण उभे राहते. त्यांच्या हातचा एक कागद मात्र सहसा कोणी वाचत नाही. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी तुरिन शहरी मुद्रांकित कागदावर झालेला तो करारनामा आहे.

१८४४ साली त्या राज्यातील कारागिरांचे जुने संघ बरखास्त झाले होते. कामासाठी खेड्यांतून शहरात येणाऱ्या मुलांना उस्तादाच्या मर्जीवाचून आधार उरला नव्हता.

करारात चौघे आहेत: सुतार ज्युसेप्पे बर्तोलीनो, शिकाऊ मुलगा ज्युसेप्पे ओदास्सो, त्याचे वडील विन्चेन्सो आणि फादर बॉस्को. दोन वर्षांत मुलाला सुतारकाम शिकवण्याचे बर्तोलीनोने मान्य केले. पण त्याच्यावरील बंधने तेवढ्यावर थांबत नाहीत. मुलगा चुकल्यास बापाच्या मायेने, केवळ शब्दांनी समज द्यावी, दुर्व्यवहार कदापि करू नये. धंद्याबाहेरची वा शक्तीबाहेरची कामे सांगू नयेत. रविवार व सण मोकळे सोडावेत. वर्षाला पंधरा दिवस सुट्टी द्यावी. रोजची मजुरीही ठरली: पहिले सहा महिने ३० सेंटेसिमी, पुढचे सहा महिने ४०, दुसऱ्या वर्षी ६०. छडीवाचून विद्या येत नाही असे मानणाऱ्या त्या काळी उस्तादाकडून हे लिहून घेणे सोपे नसावे.

मुलगाही येथे मुका नाही. तत्परतेने, लक्षपूर्वक व आज्ञाधारकपणे शिकण्याचे वचन त्याचे स्वतःचे आहे. त्याच्या हातून होणाऱ्या नुकसानीला वडील जामीन राहिले. मुलगा तुरिनला धाडला, आता आपण सुटलो, असे म्हणण्याची सोय मोन्दोवीत राहणाऱ्या त्या बापाला नव्हती. फादर बॉस्को यांनी मुलाच्या सद्वर्तनासाठी साहाय्य कबूल केले, तेही तो त्यांच्या ओरेटरीत असेपर्यंतच. ही मर्यादा मला विशेष अर्थपूर्ण वाटते. त्यांनी बापाची जागा घेतली नाही. बापाला कागदावर आणले.

आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणावरील जाहीरनाम्यात सांगितले. आपण ते प्रवचनांतून सांगतो. शाळेच्या प्रवेशअर्जावर मात्र पालकाची सही बहुधा फीपुरतीच असते.

आपल्याकडील १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातही पालक येतो. उमेदवार अल्पवयीन असल्यास मालकाशी करार त्याच्या पालकाने करायचा असतो. तुरिनच्या कागदात वडील जामीन आहेत, आणि ओदास्सो स्वतः एक पक्ष आहे.